झुंबरबाईचं बोट

झुंबरबाई स्कॅन सेंटरात आल्या तेव्हा बाकांवर पंधरावीस माणसं बसली होती. त्यांतली तिघं त्यांना बघून उठून उभी राहिली. एक तर चांगला पन्नाशीचा, जाड मिशांचा गडी होता. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि मग तोंडावर रुमाल धरून मुकाट बसला. काचेच्या आतून शांभवी हिरेमठ हे बघत होती. नऊवारी नेसलेली काळीसावळी, हाडकुळी म्हातारी, पायात वहाणा, कपाळाला जोतिबाचा गुलाल. हिच्यासाठी माणसं का उठली, हे तिला उमगेना.

हे एकोणीसशे नव्याण्णवच्या जानेवारीतलं. राजारामपुरीत डॉ. राजशेखर पट्टणशेट्टींनी सीटी स्कॅनचं यंत्र आणून तीन वर्षं झाली होती आणि शांभवी पहिल्या दिवसापासून तिथं टेक्निशियन होती. गडहिंग्लजची, घरात कन्नड आणि दाराबाहेर मराठी बोलत वाढलेली. कामाला अशी काटेकोर की पेशंटचं डोकं रेषेत बसवायला वेळ लागला तर लागला, पण तिरकं चित्र तिच्या हातून निघालं नव्हतं. डॉक्टर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, “आमच्या शांभवीच्या फिल्मवर ओळंबा धरावा आणि भिंत बांधावी.”

झुंबरबाईंच्या सोबत त्यांची धाकटी बहीण होती, बायडाबाई. दोघी विधवा, वडगावात एकाच घरात राहणाऱ्या. बोलायचं काम बायडाबाईंचं.

“अख्ख्या वडगावची पडजीभ हिनं उचललीया,” त्या म्हणाल्या. “त्यो मिशीवाला बसलाय न्हवं, त्यो तीन म्हैन्याचा हुता तवा दूध टाकत हुता. हिनं एकदा बोट फिरवलं आणि पोरगं प्यालं. अशी हजारभर असतील.”

शांभवीला लगेच कळलं. लहानपणी तिलाही आईनं असंच एका बाईकडं नेलं होतं. राख लावलेलं बोट तोंडात शिरलं, जिभेवरून मागं गेलं आणि वरच्या टाळूला दाबून निघालं. त्या राखेची चव तिला अजून आठवत होती.

“आणि आता हिच्याच टाळूला गाठ,” बायडाबाई म्हणाल्या.

शांभवीनं बॅटरी धरून बघितलं. मिश्रीनं काळे झालेले दात, आणि वर डाव्या बाजूला, जिथं टाळूचं कठीण हाड संपून मऊ मांस लागतं तिथं, सुपारीच्या खांडाएवढा उंचवटा. वरची कातडी साफ, ना जखम ना रक्त. पाठवणाऱ्या डॉक्टरनं चिठ्ठीत लिहिलं होतं की तुकडा काढून तपासलाय, गाठ कर्करोगाची आहे, सावकाश वाढणारी. पण ही जात नसेच्या कडेकडेनं लांबवर सरकते, तेव्हा ती कुठवर गेली आहे ते बघावं.

स्कॅन दोन प्रकारे करायचा होता. आधी सरळ झोपवून, मग खांद्याखाली उशी देऊन आणि डोकं मागं लोंबतं सोडून, म्हणजे चेहऱ्याचे उभे काप मिळतात. या दुसऱ्या प्रकाराला तरणीताठी माणसंही कुरकुरतात. मान अवघडते, रक्त डोक्यात उतरतं. झुंबरबाई हूं की चूं न करता निजल्या. मान मागं टाकली, हनुवटी छताकडं केली आणि अशा निपचित झाल्या की पहिल्या दोन चित्रांनंतर शांभवीनं काचेतून त्यांची छाती हलतेय का ते बघितलं.

छाती हलत होती. आणि आणखी एक गोष्ट हलत होती. उजव्या हाताची तर्जनी.

ती मांडीवर टेकलेली होती. यंत्रानं एक काप घेतला की टेबल तीन मिलिमीटर सरकायचं आणि त्याबरोबर ते बोटही लुगड्यावरून तेवढंच, अगदी तेवढंच पुढं सरकायचं. शांभवीला वाटलं, टेबलाच्या हिसक्यानं होत असेल. ती मोजत राहिली. अठरा, एकोणीस, वीस. बोट चाललंय. एकवीस, बावीस. तेविसाव्या चित्राला टेबल सरकलं आणि बोट जागच्या जागी थांबलं. त्यानं खाली जोरात दाब दिला, नखाचं टोक पांढरं होईपर्यंत. मग चोविसाव्याला परत चालू लागलं.

फिल्म निघाल्यावर शांभवीनं सगळं सोडून आधी तेविसावं चित्र उजेडाच्या पेटीवर लावलं. टाळूच्या हाडात मागच्या अंगाला दोन्हीकडं एकेक बारीक भोक असतं. त्यातून टाळूची नस वर जाते, गालाच्या हाडामागच्या एका पोकळीत, आणि तिथून कवटीकडं. उजवीकडचं भोक तांदळाच्या कणीएवढं दिसत होतं. डावीकडचंही तसंच, पण कडा जरा पुसट. आणि बघत राहिलं की वाटायचं, किंचित रुंद.

ती बाहेर आली तेव्हा झुंबरबाई टेबलावर पाय खाली सोडून बसल्या होत्या.

“कुठं गेलंय बघितलंस?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच बोलत होत्या. आवाज खाली, घोगरा.

“आजी, ते डॉक्टर सांगतील.”

“मी सांगती.” त्यांनी तर्जनी उचलून आपल्या डाव्या गालावर टेकली. मग वर नेली, नाकाच्या कडेनं, डोळ्याच्या खाली, आणि तिथं आत दाबली. “हितं. डोळ्याच्या मागं जाऊन बसलंय. बारीक मुंगी चालती तसं चालतंय. रोजचं न्हाय चालत. चारआठ दिसांनी एकदा उठतंय, वाईच फुडं जातंय, परत निजतंय.”

शांभवीनं तीन वर्षांत नकाशासारखी पाठ केलेली ती वाट होती. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं ती बोटानं चेहऱ्यावर काढून दाखवली होती, एकाही वळणाला न चुकता.

ती फिल्म घेऊन डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर माणूस भला होता, हाताखालच्याचं ऐकून घेणारा. त्यांनी भिंग लावलं, मोजपट्टी लावली, दोनदा मोजलं.

“अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे,” ते म्हणाले. “एवढा निरोग्या माणसातही असतो. आणि शांभवी, रागावू नकोस, पण डोकं किंचित तिरकं झालंय गं.”

डोकं तिरकं झालेलं नव्हतं. तिनं ते स्वतः बसवलं होतं आणि कानांची दोन्ही भोकं एकाच चित्रात आली होती. एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदाच हे वाक्य ऐकावं लागलं, त्यानं तिचं तोंडच बंद झालं. “बरं सर,” म्हणून ती बाहेर आली. रिपोर्ट टाइप झाला: गाठ टाळूपुरती मर्यादित, वर पसरल्याची खूण नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बहिणी रिपोर्ट न्यायला आल्या. डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगितलं की टाळूचा तेवढा भाग काढतील, वर काही नाही, नशीब चांगलं.

“वर हाय,” झुंबरबाई म्हणाल्या.

“फोटोत नाही आजी.”

“तुम्ही डोळ्यानं बघताय. मी बोटानं बघती.”

डॉक्टर हसले. त्या दिवशी त्यांची स्वारी खुशीत होती. “मग माझं बघा की,” त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “लहानपणी आमच्या आईनंही मला नेलं होतं म्हणे.”

शांभवीनं हातमोजा पुढं केला. झुंबरबाईंनी तो बाजूला सारला. “कातडं घालून मला काय कळंल?” त्यांनी बेसिनवर साबणानं दोन्ही हात धुतले, पदराला न पुसता तसेच झटकले, डॉक्टरांच्या समोर आल्या आणि डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरली. बोट आत गेलं.

आधी सगळे हसरेच होते. डॉक्टरांचे डोळेसुद्धा. मग बोट एके ठिकाणी थांबलं आणि तिथंच राहिलं. झुंबरबाईंनी मान तिरपी केली, पलीकडच्या खोलीतलं कुणी बोलतंय आणि ते ऐकायचंय अशी. बाहेरच्या रस्त्यावरनं टेम्पो गेला, तो जाऊन आवाज विरेपर्यंत त्यांचं बोट निघालं नाही. बायडाबाई खाली फरशीकडं बघत होत्या.

बोट बाहेर आलं.

“काय लागलं?” डॉक्टरांनी तोंड पुसत विचारलं.

“माझंच हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. “माझ्यापरीस धाकटं. आजून निजलेलं हाय.” आणि फिल्मची पिशवी उचलून निघाल्या.

झुंबरबाईंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात एका मोठ्या दवाखान्यात झालं. सर्जननी रिपोर्टप्रमाणे टाळूचा तेवढा भाग काढला. गेलेल्या टाळूच्या जागी बसवायला प्लास्टिकची एक पट्टी करून दिली. हे सगळं सेंटरात नंतर कळलं. सेंटरात मात्र दुसरंच काही सुरू झालं होतं आणि ते फक्त शांभवीच्या लक्षात आलं होतं.

डॉक्टर फिल्म बघताना गप्प असायचे तेव्हा त्यांच्या मिटलेल्या ओठांमागं जीभ हलायची. डाव्या गालाच्या आतून वर, मागं, आणि तिथं थांबायची. आधी कधीतरी, मग दिवसातून दहादा. चहा पिताना कप ओठाशी नेऊन ते तसेच थांबायचे. फोनवर बोलता बोलता मध्येच शब्द तुटायचा आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहायचा. शांभवी घरी गेली की तिचीही जीभ आपोआप टाळूला लागायची. तिथं काही नव्हतं. जे लागायचं ते सगळ्यांच्याच टाळूला असतं, मधली शिवण, पुढच्या वळकट्या. पण ती रोज चाचपून बघायची आणि रोज तो प्रदेश आदल्या दिवसापेक्षा जरा निराळा वाटायचा.

आपल्याला तेव्हा बोलता आलं असतं, ही गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. झुंबरबाईंच्या फिल्मची एक प्रत रेकॉर्डच्या कपाटात होती. दोनदा तिनं ती काढली, तेविसावं चित्र पेटीवर लावलं आणि कुणी यायच्या आत परत ठेवून दिली.

नऊ महिने डॉक्टरांनी स्वतःचा स्कॅन केला नाही. यंत्र त्यांच्याच खोलीपासून दहा पावलांवर होतं. दिवसभर ते दुसऱ्यांच्या डोक्यांचे काप बघायचे. एक आरसा आणि बॅटरी घेऊन त्यांनी तोंड बघितलंही असेल, पण झुंबरबाईंचं बोट जिथं थांबलं होतं तिथं डोळ्याला काहीच दिसत नसावं. ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी त्यांनी शांभवीला घरी फोन केला.

“जरा येतेस का? यंत्र चालू करायचंय.”

सेंटरात दोघंच होते. डॉक्टर बूट काढून, घड्याळ काढून टेबलावर निजले. मान मागं टाकताना त्यांनी डोळे मिटले.

“चित्रं तू बघ,” ते म्हणाले. “मी विचारेपर्यंत मला सांगू नको.”

शांभवीनं डोकं रेषेत घेतलं. कानांची भोकं बघितली. परत बघितली. काचेमागं येऊन बसली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर एकेक चित्र उमटायला लागलं, आधी दात, मग गालाची हाडं, मग टाळूची कमान. माणसाचं तोंड आतून असं बघितलं की ते ओळखीच्या कुणाचं वाटत नाही, म्हणूनच ती आजवर शांतपणे हे काम करू शकली होती. आज तसं झालं नाही. त्या कमानीखाली तिला डॉक्टरांची जीभ दिसत होती, डावीकडं वर चिकटून बसलेली.

तेविसाव्या चित्रात डावीकडं, कठीण आणि मऊ टाळूच्या सांध्यावर, मटाराच्या निम्म्याएवढी गाठ होती. हाड साबूत. भोक दोन्हीकडं सारखं.

तिनं काचेतून बघितलं. डॉक्टर निपचित होते. त्यांची उजवी तर्जनी मांडीवर टेकलेली होती आणि नख पांढरं पडलं होतं.

ती आत गेली. “काय दिसलं?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“सर,” ती म्हणाली, “आहे. पण वर गेलेली नाही.”

डॉक्टरांनी मांडीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, “धाकटं म्हणाल्या होत्या.”

मुंबईला त्यांचं ऑपरेशन झालं. तपासणीत तीच जात निघाली, झुंबरबाईंची. पण इतक्या आधी सापडली होती की सर्जनना चौफेर निरोगी कड ठेवून ती अख्खी काढता आली. अडीच महिन्यांनी डॉक्टर कामावर आले. बोलणं थोडं नाकात येत होतं, एवढंच. आल्या आल्या त्यांनी रेकॉर्डच्या कपाटातून झुंबरबाईंची फिल्म काढली. शांभवी दारात उभी राहिली. त्यांनी भिंग लावलं नाही, मोजपट्टी लावली नाही. नुसते बघत राहिले.

“डोकं तिरकं नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं.”

“तू म्हणाली का नाहीस?”

या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं, पण ते देताना लाज वाटली असती.

पुढच्या रविवारी दोघं डॉक्टरांच्या गाडीतून वडगावला गेले. झुंबरबाईंचं घर बाजारपेठेच्या मागच्या बोळात होतं. अंगणात सातआठ बाया पोरं घेऊन बसल्या होत्या आणि ती सगळी पोरं गप्प होती. शांभवीला ते आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की आठ तान्ही आणि रांगती पोरं एकत्र असताना जो गलका असायला हवा, तो नव्हता. पायरीवर झुंबरबाई बसल्या होत्या. चेहऱ्याची डावी बाजू थिजल्यासारखी, डोळा अर्धा मिटलेला. समोरच्या पोराच्या तोंडात बोट होतं. पोर रडत नव्हतं, चावत नव्हतं. त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याकडं टक लावून बघत होतं. बोट निघाल्यावरच त्यानं पहिला टाहो फोडला.

“या, डाक्टर,” झुंबरबाई म्हणाल्या. टाळूची पट्टी असूनही शब्द फाटून यायचे. “गेलं न्हवं तुमचं?”

“गेलं,” डॉक्टर म्हणाले. ते पायरीखाली उभे होते, हात जोडलेले. “आजी, माझी चूक झाली. तुम्ही सांगत होता ते खरं होतं. फिल्ममध्ये होतं. मला दिसलं नाही.”

“तुमाला न्हाय दिसलं.” त्यांनी शांभवीकडं मान वळवली. “हिला दिसलं हुतं.”

शांभवीनं हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बायांच्या ओळीत खाली बसली. अंगणातल्या सगळ्या पोरांनी तिच्याकडं तोंडं वळवली.

“भिऊ नगंस,” झुंबरबाई म्हणाल्या. “माझा राग न्हाई तुझ्यावर. पर दिसलेलं गिळत जाऊ नगं. ते घशाखाली जात न्हाय.”

डॉक्टरांनी परत स्कॅन करायचं ठरवलं आणि चार दिवसांनी स्वतः गाडी पाठवून त्यांना बोलावून घेतलं. या वेळी यंत्राच्या खोलीत बायडाबाईही काचेमागं येऊन बसल्या. आता टाळूपासून वर आडवे काप घ्यायचे होते, म्हणून झुंबरबाई सरळ निजल्या, बोट मांडीवर टेकलं.

मागच्या वेळी बोट यंत्राबरोबर चाललं होतं. या वेळी ते पुढं चाललं. टेबल सरकायच्या आधीच ते सरकायचं, एखाद्या श्वासाएवढं आधी, आणि मग पडद्यावर पुढचं चित्र उमटायचं. टाळूचं डावं भोक आता बोरूच्या टोकाएवढं झालं होतं. गालामागच्या पोकळीत निरोगी माणसाला चरबीचा काळा ठिपका दिसतो. उजवीकडं तो होता. डावीकडं त्या जागी राखाडी काहीतरी भरलं होतं. तिथून ते वर, मागं, कवटीच्या तळाच्या गोल भोकापर्यंत गेलं होतं. झुंबरबाईंनी वर्षापूर्वी गालावर काढलेली वाट अशी भरत आली होती.

डोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत काप घ्यायचे होते. तिथं यंत्र थांबलं. त्याची घरघर बंद झाली आणि खोली शांत झाली.

बोट थांबलं नाही.

सरकत राहिलं. एक. दोन. तीन. हात पुरेनासा झाला, तरी खांदा खाली ओढून ते पुढं जात राहिलं, आणि शांभवीच्या हे लक्षात आलं की ती मनातल्या मनात चित्रं मोजतेय, जी चित्रं यंत्रानं काढलीच नव्हती. अकरापर्यंत आकडा गेला. मग झुंबरबाईंनी हात उचलून छातीवर घेतला.

“झालं?” त्यांनी आतून विचारलं.

“झालं, आजी,” शांभवी म्हणाली.

कापायजोगं आता राहिलं नव्हतं. किरणांचा उपचार झाला. बायडाबाई त्याला लाईट म्हणायच्या. त्यानं मुंगी काही महिने निजली. डॉक्टर दर पंधरवड्याला वडगावला जायचे, औषधं पोचवायचे. शांभवी पाचसहा वेळा गेली. प्रत्येक वेळी अंगणात पोरं होती. झुंबरबाईंना आता नीट दिसत नव्हतं, अन्न नाकातून यायचं, डाव्या गालाला चटका दिला तरी कळलं नसतं, पण बोटाला सगळं कळत होतं. दोन हजार दोनच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

बायडाबाई सेंटरात आल्या त्या दसऱ्यानंतर. काखेत फिल्मची मोठी खाकी पिशवी होती.

“हे तुमचं तुमी ठेवा,” त्या म्हणाल्या. “घरात ठेवाय नगं वाटतंय. खिडकीत उजेड आला की पिशवीतनं सुदीक दिसतीया. डोळ्याची भोकं माझ्याकडं बगत्यात.”

शांभवीनं त्यांना आत बसवलं, चहा मागवला. मग पावणेचार वर्षं घशाशी धरून ठेवलेलं बोलून टाकलं. पहिल्याच दिवशी आपल्याला दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले डोकं तिरकं आहे, आणि आपल्याला राग आला, आणि त्या रागापायी आपण एका वाक्यानं सांगायचं ते सांगितलं नाही.

बायडाबाईंनी बशी खाली ठेवली. “रिपोट घेऊन जाताना बसमदीच बोलली हुती ती मला. पोरीनं बघितलंय पर बोलायची न्हाय म्हणाली.”

“मग तुम्ही का नाही आलात परत?”

“मी म्हणलं की, चल माघारी. ती म्हणाली, नगं. डाक्टरचं निजलंय, ते आधी उठवाय पायजे. त्याबिगर त्येनला माझं खरं वाटायचं न्हाय.” बायडाबाईंनी बशी परत उचलली. “ते मला आजून बी समजलेलं न्हाई. मी तिच्यावर रागं भरली हुती. आजून हाय.”

चहा संपला. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. बायडाबाई उठल्या नाहीत.

“श्येवटच्या आठवड्यात तिनं सोताच्या तोंडात बोट घातलं हुतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “काढंना. म्हणाली, आता वर पोचतंय. माझा हात धरला आणि डोस्क्यावर ठेवला, ऐन मदी. बाई, तितली हाडं मऊ झाली हुती. तान्ह्या लेकराची टाळू उडती की न्हाई, तशी उडत हुती. सत्तरीच्या बाईची. मी हात काढून घेतला. तिनं परत ठेवला. म्हणाली, ही बी टाळूच आणि ती बी टाळूच. मदी एवढंच अंतर हुतं.”

वैद्यकात हे बसत नव्हतं, हे शांभवीला ठाऊक होतं. बायडाबाई खोटं बोलत नव्हत्या, हेही ठाऊक होतं.

“मला दाव,” बायडाबाई म्हणाल्या. “कुठनं कुठं गेलं ते.”

शांभवीनं पिशवीतून दुसऱ्या स्कॅनच्या फिल्म काढल्या, पेटीचा दिवा लावला आणि एकेक ओळीनं लावल्या. मग टाळूच्या भोकावर बोट टेकलं आणि वर न्यायला लागली. गालामागची पोकळी, गोल भोक, कवटीचा तळ. तिच्या बोटामागं बायडाबाईंचं बोट चाललं होतं, चुन्यानं भेगाळलेलं. शेवटच्या चित्रापाशी शांभवी थांबली.

“ह्येच्या वरचं?”

“वरचं काढलं नाही, मावशी. तेवढंच सांगितलं होतं.”

बायडाबाई त्या शेवटच्या चित्राच्या वरच्या काळ्या पट्टीकडं बघत राहिल्या. तिथं काही नव्हतं, नाव, वय आणि तारीख सोडून. मग त्यांनी एकेक फिल्म स्वतःच उतरवली, कडा जुळवून पिशवीत भरली आणि पिशवी पुन्हा काखेत मारली.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “ह्येच्या वरचं माझ्या हाताला ठावं हाय. माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.”

आणि वडगावची गाडी चुकेल म्हणून घाईनं निघून गेल्या.